प्रबंध जतन होतो, साधने हरवतात

कोसी नदीच्या दोन तटबंधांमध्ये राहणाऱ्या माणसांविषयी पीएच.डी.चे संशोधन करणारी एक विद्यार्थिनी दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे प्रथम आली ती जुने जिल्हा अभिलेख कसे वाचावेत हे विचारायला. दुसऱ्यांदा आली तेव्हा तिच्यापाशी कागद नव्हते, फक्त लॅपटॉप होता. तो माझ्यासमोर ठेवून ती एवढेच म्हणाली, ‘‘सर, फाइल उघडत नाही.’’

त्या फाइलमध्ये काय होते, हे आधी सांगायला हवे. कोसीच्या पुराला बांध घालण्यासाठी १९५४ साली भारत आणि नेपाळ यांच्यात करार झाला आणि त्यानंतर उत्तर बिहारात नदीच्या दोन्ही काठांनी तटबंध उभे राहिले. शेकडो गावे या दोन भिंतींच्या आत, नदीच्या बाजूला राहिली. तटबंधांपूर्वीची कोसी ज्यांनी जाणत्या वयात पाहिली, ती माणसे आता पंचाऐंशीच्या पुढची आहेत. नदी तेव्हा कशी पसरत असे, पुराचे पाणी किती दिवसांत ओसरे, जमिनीच्या मोबदल्याविषयी कोणी काय सांगितले होते, हे सरकारी दप्तरात फारसे सापडत नाही. ते या माणसांच्या आठवणींत आहे. या मुलीने चार वर्षांत गावोगावी जाऊन अशा ६१ मुलाखती मैथिलीतून घेतल्या, त्या शब्दशः उतरवल्या आणि गुणात्मक संशोधनासाठी वापरल्या जाणाऱ्या एका सॉफ्टवेअरमध्ये त्यांचे विश्लेषण सुरू केले. पुनर्वसन, विस्थापन, नावाडी, वाळू साचलेली शेते असे विषय ठरवून प्रत्येक मुलाखतीतील वाक्य न् वाक्य तिने त्या त्या विषयाशी जोडले होते.

हे सारे काम एका ‘प्रकल्प-फाइल’मध्ये साठत जाते. पडद्यावर ती एका चिन्हाएवढी दिसते, पण आत तो एक संपूर्ण डेटाबेस असतो: मजकूर, ध्वनिमुद्रणे, टिपणे, आणि कोणते वाक्य कोणत्या विषयाशी जोडले आहे याची अनुक्रमणिका. साध्या मजकुराच्या फाइलमधले एक पान बिघडले तर बाकीची पाने वाचता येतात. डेटाबेसची गोष्ट निराळी. त्याची अनुक्रमणिका आणि आतला मजकूर यांचा मेळ बसला नाही, तर सॉफ्टवेअर संपूर्ण फाइलच उघडायचे नाकारते. ग्रंथालयातील सगळी पुस्तके जागेवर आहेत, पण सूचीचे निम्मे कप्पे जळाले आहेत, अशी ती अवस्था.

बिघाड कसा झाला, हे नंतर जुळवून पाहिले तेव्हा त्यात विलक्षण असे काहीच निघाले नाही. सहरसा येथील भाड्याच्या खोलीत एका संध्याकाळी ती काम करत असताना वीज गेली. लॅपटॉपची बॅटरी जुनी होती. फाइल साठवली जात असतानाच यंत्र बंद पडले. प्रकल्प-फाइल ज्या फोल्डरमध्ये होती, तो क्लाउडशी जोडलेला होता. वीज परत आल्यावर ती अर्धवट लिहिली गेलेली फाइल निमूटपणे क्लाउडवर गेली आणि आधीच्या चांगल्या फाइलच्या जागी बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाटण्याला अभिलेखागारात जायचे होते. निघण्यापूर्वी तिने शिस्तीने फाइल पेन ड्राइव्हवरही उतरवली. उघडून पाहायला मात्र वेळ नव्हता. पेन ड्राइव्हवरची जुनी, धड प्रत त्यामुळे पुसली गेली. सहा आठवड्यांनी तिने फाइल उघडली. तोवर क्लाउडवरच्या जुन्या आवृत्त्यांची तीस दिवसांची मुदत उलटून गेली होती.

म्हणजे तिच्यापाशी तीन प्रती होत्या आणि तिन्ही एकाच बिघडलेल्या फाइलच्या होत्या. येथे एक समजूत दुरुस्त करायला हवी. फाइल क्लाउडशी ‘सिंक’ होणे म्हणजे बॅकअप नव्हे. सिंकचे काम दोन जागा सारख्या ठेवणे हे आहे. एका ठिकाणी चूक झाली की ती चूक तितक्याच तत्परतेने दुसऱ्या ठिकाणी पोहोचते. बॅकअपचे काम याच्या उलट आहे: आज काहीही झाले तरी कालची प्रत जशीच्या तशी राखणे. झोटेरो या संदर्भ-व्यवस्थापनाच्या मोफत सॉफ्टवेअरचेच उदाहरण घ्या. अमेरिकेतील जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या इतिहास केंद्रात ते तयार झाले आणि २००६ पासून इतिहासाचे हजारो अभ्यासक ते वापरत आहेत. त्याची डेटा-निर्देशिका क्लाउडशी जोडलेल्या फोल्डरमध्ये ठेवू नका, त्याने डेटाबेस खराब होऊ शकतो, असा इशारा त्याचे कर्तेच देतात. चालू डेटाबेसची नक्कल मध्येच उचलली जाणे हे त्याचे कारण. पाने उलटली जात असतानाच वहीचे छायाचित्र घ्यावे, तसे ते होते.

फाइल वाचवण्याच्या प्रयत्नांतही काही धडे मिळाले. ते सांगतो, कारण कोणा वाचकाच्या घरातील संशोधकाला त्यांचा उपयोग होईल. या मुलीने घाबरून तीच फाइल पुनःपुन्हा उघडण्याचा, दुरुस्त करण्याचा, साठवण्याचा प्रयत्न केला होता. पहिला नियम याच्या विरुद्ध आहे: बिघडलेल्या फाइलला हात लावू नये. तिची एक नक्कल करावी, मूळ फाइल बाजूला ठेवावी आणि जे काही प्रयोग करायचे ते नकलेवर करावेत. दुसरे, फाइल खरोखर बिघडली आहे की सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीत केलेले काम जुन्या आवृत्तीत उघडले जात नाही, हे पाहावे. पुष्कळदा रोग एवढाच असतो. तिसरे, सॉफ्टवेअरने स्वतःहून ठेवलेल्या तात्पुरत्या किंवा राखीव प्रती शोधाव्यात. झोटेरोसारखी काही सॉफ्टवेअरे अशी प्रत मुख्य फाइलच्या शेजारीच ठेवतात. चौथे, एक कोरा प्रकल्प उघडून त्यात बिघडलेल्या प्रकल्पातील सामग्री आयात होते का, ते पाहावे. त्यानेही भागले नाही तर सॉफ्टवेअर कंपनीच्या साहाय्य विभागाकडे नक्कल पाठवावी किंवा डेटाबेस जाणणाऱ्या माणसाकडून आतला मजकूर उपसून काढावा. आणि दोष फाइलमध्ये नसून डिस्कमध्येच असेल, किंवा फाइल चुकून पुसली गेली असेल, तर ते यंत्र तत्काळ वापरायचे थांबवावे. कारण त्यावर लिहिले जाणारे प्रत्येक नवे अक्षर जुन्या अक्षरांची जागा घेत असते.

या मुलीच्या बाबतीत निष्पत्ती अशी. वाक्यांना विषयांशी जोडण्याचे सगळे काम गेले. ६१ पैकी ५२ मुलाखतींची ध्वनिमुद्रणे सुरक्षित निघाली, कारण ती मेमरी कार्डांवर, तिच्या आईच्या घरी एका डब्यात होती. उरलेल्या नऊ मुलाखती प्रकल्प-फाइलमध्ये घेतल्यावर लॅपटॉपवर जागा व्हावी म्हणून तिने मूळ ध्वनिमुद्रणे पुसली होती. एका जाणकाराने कित्येक रात्री खपून नऊपैकी सहा मुलाखतींचा मजकूर फाइलच्या पोटातून बाहेर काढला. तीन गेल्या त्या गेल्याच. विद्यापीठाच्या संगणक केंद्राने तिला सांगितले, की लॅपटॉप खासगी आहे, सबब हा विषय केंद्राच्या कक्षेत येत नाही.

हे उत्तर ऐकून मला राग आला, पण आश्चर्य वाटले नाही. मी स्वतः अशी उत्तरे वर्षानुवर्षे लिहिली आहेत. नियमाच्या चौकटीत ते बरोबरही असेल. पण ज्या संशोधनासाठी शिष्यवृत्ती सरकारने दिली, मार्गदर्शक विद्यापीठाने नेमला आणि पदवीही विद्यापीठच देणार, त्या संशोधनाची साधने मात्र विद्यार्थिनीच्या खासगी लॅपटॉपवर आणि तिच्या आईच्या घरातील डब्यात, ही व्यवस्था कोणी ठरवली? कोणीच नाही. ती ठरवायची राहून गेली, हेच या प्रश्नाचे मूळ आहे.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला यात एक जुनी गोष्ट आठवते. कौटिल्याचे अर्थशास्त्र शतकानुशतके केवळ उल्लेखांतून माहीत होते. १९०५ साली म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयात आर. शामशास्त्री यांच्या हाती ग्रंथ लिपीतले एक ताडपत्री हस्तलिखित आले आणि १९०९ साली त्यांनी ते छापून प्रसिद्ध केले. ते हस्तलिखित म्हणजे मूळ ग्रंथ नव्हे. प्रतीच्या प्रतीची प्रत. आपल्या हवेत ताडपत्र काही शतकांपलीकडे टिकत नाही, तेव्हा ग्रंथ जगायचा तर कोणीतरी तो पुन्हा उतरवून काढणे भागच असे. मठांनी, राजदरबारांनी, पाटण आणि जैसलमेरच्या जैन ग्रंथभांडारांनी हे काम नेमाने केले. जैन परंपरेत तर ग्रंथाची प्रत करवून ती भांडाराला देणे पुण्यकर्म मानले गेले. प्रत करणे हा लेखकाचा वैयक्तिक छंद नव्हता. त्यामागे संस्था होती, पैसा होता आणि प्रतिष्ठाही होती. आजच्या प्रकल्प-फाइलचे आयुष्य ताडपत्राहून कितीतरी कमी आहे. मात्र ती पुन्हा उतरवून ठेवण्याची जबाबदारी आपण एकट्या संशोधकावर टाकून मोकळे झालो आहोत.

ही केवळ गरीब देशांची किंवा निष्काळजी विद्यार्थ्यांची अडचण आहे, असे मात्र नाही. जपानच्या क्योटो विद्यापीठात डिसेंबर २०२१ मध्ये महासंगणकाच्या साठवणीतून सुमारे ७७ टेराबाइट सामग्री पुसली गेली. सुमारे ३ कोटी ४० लाख फाइली गेल्या, १४ संशोधन गटांना झळ पोहोचली आणि त्यांपैकी चार गटांची सामग्री परत मिळवणे शक्य नसल्याचे विद्यापीठाने जाहीर केले. यातला विरोधाभास असा, की ही सामग्री पुसली ती बॅकअप घेणाऱ्या प्रणालीनेच. जुन्या नोंदी काढून टाकणारा एक छोटा प्रोग्राम चालू असतानाच त्याची सुधारित आवृत्ती त्याच्या जागी ठेवली गेली आणि नको त्या फाइली त्याने पुसल्या. यंत्रणा पुरवणाऱ्या कंपनीने जबाबदारी स्वीकारली, पण तेवढ्याने फाइली परत येत नसतात.

दक्षिण कोरियातील घटना प्रशासनातील माणसाला अधिकच अस्वस्थ करणारी आहे. २६ सप्टेंबर २०२५ रोजी देजॉन येथील राष्ट्रीय माहिती केंद्राला लिथियम बॅटऱ्यांमुळे आग लागली. सरकारी कर्मचाऱ्यांनी आपली कामकाजाची कागदपत्रे जिच्यावर ठेवावीत म्हणून उभारलेली ‘जी-ड्राइव्ह’ ही साठवण त्यात जळाली. तिच्यात ८५८ टेराबाइट सामग्री होती आणि तिची बाहेर कोठेही प्रत नव्हती; एवढ्या प्रचंड साठ्याचा बाहेर बॅकअप ठेवणे जमले नाही, असे कारण देण्यात आले.

याउलट एक उदाहरण आपल्या घरचे आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला, सर्व्हरवरील माहिती कुलूपबंद झाली आणि कित्येक दिवस नोंदी हाताने ठेवाव्या लागल्या. पुढे सरकारने संसदेत सांगितले, की ई-हॉस्पिटलची सर्व माहिती हल्ल्याची झळ न पोहोचलेल्या एका बॅकअप सर्व्हरवरून परत मिळवण्यात आली. तिथे उपयोगी पडली ती प्रतींची संख्या नव्हे, तर हल्ल्याच्या आवाक्याबाहेर राहिलेली एक प्रत.

अपघात न होताही साधने हरवतात, आणि ते प्रमाण कितीतरी मोठे असावे. ‘करंट बायॉलॉजी’ या नियतकालिकात २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २ ते २२ वर्षांपूर्वीच्या ५१६ शोधनिबंधांची मूळ सामग्री त्यांच्या लेखकांकडे मागण्यात आली. निबंधाचे वय एका वर्षाने वाढले, की सामग्री मिळण्याची शक्यता, संख्याशास्त्राच्या भाषेत तिचे ‘ऑड्स’, १७ टक्क्यांनी घटते, असे आढळले. जुन्या निबंधांची सामग्री बहुधा बंद पडलेल्या यंत्रांवर किंवा आता कोणतेही यंत्र वाचू न शकणाऱ्या माध्यमांवर अडकली होती. आपल्याकडे यात आणखी एका धोक्याची भर पडते. विश्लेषणाच्या महागड्या सॉफ्टवेअरचा परवाना विद्यापीठाच्या नावावर असतो. विद्यार्थी बाहेर पडला किंवा वर्गणी थकली, की फाइल शाबूत असूनही ती उघडायला साधन उरत नाही. यावर उपाय उपलब्ध आहे. एनव्हिवो, अ‍ॅटलस-टीआय, मॅक्सक्यूडीए ही प्रमुख सॉफ्टवेअरे आता ‘रेफी-क्यूडीए’ या सामाईक विनिमय-स्वरूपात प्रकल्प बाहेर काढू देतात. वर्षातून दोनदा अशी प्रत काढली आणि मुलाखती साध्या मजकुराच्या रूपात वेगळ्या ठेवल्या, तर एका कंपनीच्या कुलपात सगळे अडकत नाही.

आता धोरणाकडे वळू. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या पीएच.डी. नियमांनुसार प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राकडे द्यावी लागते आणि ती ‘शोधगंगा’ या संग्रहात जतन होते. ही व्यवस्था उत्तम आहे. पण जतन होतो तो प्रबंध. तो ज्यांच्या आधारावर लिहिला गेला त्या मुलाखती, मोजण्या, तक्ते आणि प्रोग्राम यांची जबाबदारी त्या व्यवस्थेत कोणाचीही नाही. परदेशी नियतकालिके वाचायला मिळावीत म्हणून ‘एक राष्ट्र, एक सदस्यत्व’ योजनेला सरकारने तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये मंजूर केले. २०१५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय महासंगणन मोहिमेचा आराखडा ४,५०० कोटींचा होता. हे दोन्ही खर्च योग्यच आहेत. जगाचे संशोधन वाचायला आपण पैसे देतो, गणन करायला यंत्रे घेतो. आपले स्वतःचे संशोधन सांभाळायलाही त्या प्रमाणात तरतूद हवी.

कायद्याचा आधारही नव्याने शोधायला नको. १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख कायद्याने ‘अभिलेख’ या संज्ञेत संगणकाने निर्माण केलेली सामग्री तेव्हाच समाविष्ट केली आहे आणि नियमांव्यतिरिक्त अभिलेख नष्ट करणे हा गुन्हा ठरवला आहे. केंद्राच्या पैशावर चालणाऱ्या संशोधनाची मूळ साधने या कायद्याच्या भावनेत बसतात, असे माझे मत आहे. ती अक्षरशः बसवायची का, याचा विचार संसदेने व शिक्षण मंत्रालयाने करावा.

तोवर चार गोष्टी प्रशासकीय आदेशानेही होऊ शकतील. पहिली: प्रत्येक संशोधन अनुदानासोबत सामग्री कोठे, कशी व किती काळ ठेवणार याचा आराखडा सक्तीचा करावा आणि अनुदानाचा एक ठरावीक अंश त्यासाठीच राखावा. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानने असा आराखडा २०११ पासून बंधनकारक केला आहे. दुसरी: प्रत्येक विद्यापीठात सामग्रीपालाचे पद असावे. ग्रंथपालाच्या पदाविषयी कोणी वाद घालत नाही, हेही तसेच पद आहे. तिसरी: पीएच.डी.च्या नोंदणीबरोबर विद्यार्थ्याला विद्यापीठाच्या सर्व्हरवर जागा मिळावी. तीन प्रती, दोन वेगळी माध्यमे आणि एक प्रत दुसऱ्या गावी, हा सर्वमान्य दंडक त्या जागेला लागू असावा.

चौथी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. जिल्हा कोषागाराच्या स्ट्राँगरूमला दुहेरी कुलूप असते आणि किल्ल्या दोन वेगळ्या अधिकाऱ्यांकडे असतात. एवढा बंदोबस्त असूनही ठरलेल्या मुदतीने कोणीतरी आत जाऊन मुद्रांक आणि मौल्यवान पाकिटे प्रत्यक्ष मोजायची असतात. कुलूप शाबूत आहे म्हणून आतली शिल्लकही शाबूत असेल, असे कोषागाराचे नियम गृहीत धरत नाहीत. बॅकअपलाही हाच न्याय लावावा. जी प्रत उघडून, तिच्यातून काम पुन्हा उभे करून पाहिलेले नाही, ती प्रत आहे असे मानूच नये. वर्षातून एकदा प्रत्येक विद्यापीठाने काही प्रकल्प निवडून ते बॅकअपमधून प्रत्यक्ष परत मिळवून दाखवावेत आणि त्याचा अहवाल कार्यकारी परिषदेपुढे ठेवावा. यासाठी नवे तंत्रज्ञान लागत नाही, तपासणीची सवय लागते.

दोन आक्षेप येतील. एक खर्चाचा. त्याला उत्तर असे, की चार वर्षांची शिष्यवृत्ती आणि क्षेत्रकार्य पुन्हा करण्याच्या खर्चापुढे साठवणुकीचा खर्च किरकोळ आहे. दुसरा आक्षेप गंभीर आहे: मुलाखत देणाऱ्यांच्या खासगीपणाचे काय? कोसीकाठच्या माणसांनी जमिनीच्या तंट्यांविषयी, अधिकाऱ्यांविषयी मोकळेपणाने सांगितले ते त्या मुलीवरील विश्वासाने. ते सरकारी सर्व्हरवर कोणालाही वाचता यावे, असे मी मुळीच म्हणत नाही. सांभाळणे आणि प्रसिद्ध करणे या वेगळ्या गोष्टी आहेत. नावे काढून, सामग्री सांकेतिक कुलपात ठेवून, संशोधकाच्या व मुलाखत देणाऱ्याच्या संमतीशिवाय ती न उघडण्याच्या अटीवरच ती ठेवावी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानेही संशोधन व अभिलेखन यांना दिलेली सवलत ठरवून दिलेल्या मानकांच्या अधीन ठेवली आहे. आणि आज ती सामग्री पासवर्ड नसलेल्या पेन ड्राइव्हवर फिरते, त्यापेक्षा ही व्यवस्था निश्चितच अधिक सुरक्षित असेल.

ती विद्यार्थिनी नंतर पुन्हा कोसीकाठी जाऊन आली. हरवलेल्या तीन मुलाखतींपैकी दोन तिने नव्याने घेतल्या. पहिल्या वेळेचे तपशील त्यांत सगळे आले नाहीत, असे ती म्हणते. तिसरी मुलाखत एका म्हाताऱ्या नावाड्याची होती. त्याच्या गावी ती पोहोचली तेव्हा त्याला जाऊन तीन महिने झाले होते. त्याच्या बोलण्यापैकी आता तिच्या वहीतील दीड पान शिल्लक आहे. तिचा प्रबंध यथावकाश पूर्ण होईल आणि नियमानुसार शोधगंगेवर जतनही होईल. त्या दीड पानाच्या आधारे लिहिलेली एक तळटीप त्यात असेल. तो नावाडी आणखी काय म्हणाला होता, हे पुढच्या इतिहासकाराने विचारले, तर दाखवायला आपल्यापाशी काही नसेल.